समुद्रावरचा इसार



मागील अंकात मुदत ठेवींच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्मी नामनिर्देशनाची आणि उरलेली, काहीशी अनपेक्षितपणे, जहाजाची निघाली. आपल्या समाजातील काही कुटुंबे अलीकडे भूमध्य समुद्रात लहान, आलिशान जहाजांतून फिरून आली, त्यांनी छायाचित्रे दाखवली आणि आता घरोघरी त्याची चर्चा चालू आहे. इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्याने विचारले आहे की, आम्ही मद्य घेत नाही, मग मद्यासह ठरवलेले भाडे आम्ही का भरावे? पुण्याच्या एका सूनबाईंना सासूबाईंच्या जेवणाची काळजी आहे. सोलापूरच्या एका गृहस्थांची हृदयशस्त्रक्रिया झाली आहे आणि विम्याचा एजंट त्यांना 'सगळे कव्हर आहे' असे म्हणतो.

परंतु या लेखाचे खरे निमित्त आहे सांगली जिल्ह्यातील एका भगिनींचे पत्र. वय ६९. यजमानांची हळदीची अडत होती. दुकान बंद ठेवून ते गेले ते फार तर श्रवणबेळगोळ आणि सम्मेदशिखर, एवढेच. शिडाच्या जहाजातून ग्रीसची बेटे पाहायची त्यांची इच्छा मात्र जुनी होती. तीन वर्षांपूर्वी ते गेले. भगिनींच्या स्वतःच्या नावावर ठेव आहे, आणि अथेन्स ते इस्तंबूल असा आठवड्याचा प्रवास त्यांना एकटीने करायचा आहे. चिरंजीव म्हणतात, एवढे पैसे पाण्यात घालू नकोस. बाई लिहितात, 'मला खर्चाची भीती वाटत नाही. पैसे भरले आणि जहाजच निघाले नाही तर काय, एवढीच भीती वाटते.' हा प्रश्न अगदी पेढीवरचा आहे. म्हणून त्याच प्रश्नापासून प्रारंभ करतो.

प्रथम ही लहान जहाजे म्हणजे काय, ते थोडक्यात. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासाला लागलेले 'आयकॉन ऑफ द सीज' हे प्रचंड जहाज पूर्ण भरले तर सुमारे ७,६०० प्रवासी नेते, म्हणजे एक गावच. याउलट बाईंनी जिचे नाव लिहिले आहे त्या विंडस्टार कंपनीचे 'विंड स्टार' हे १९८६ सालचे शिडाचे जहाज १४८ प्रवाशांचे आहे. तिच्याच 'विंड सर्फ'ला पाच डोलकाठ्या आहेत, आणि तिची शिडे खलाशी दोर ओढून नव्हे, तर संगणकाच्या आज्ञेने उलगडतात. बिनशिडाच्या तीन जहाजांना मध्यभागी कापून, प्रत्येकात सुमारे पंचवीस मीटरचा नवा तुकडा बसवून, ती ३१२ प्रवाशांची करण्यात आली. हे काम इटलीतील पालेर्मोच्या गोदीत झाले. सीबोर्न, सिल्व्हरसी, फ्रान्सची पोनां, अवघ्या ११२ प्रवाशांच्या दोन नौका चालवणारी सीड्रीम, ही याच वर्गातील इतर नावे. मोठी जहाजे शिरू शकत नाहीत अशा बंदरांत ही जातात, आणि जेवणाच्या खोलीत दुसऱ्या दिवशी वाढपी आपले नाव लक्षात ठेवून असतो. भाडे अर्थातच त्या मानाने.

आता पैशाचे. जहाजाची जागा राखताना आपण प्रथम काही टक्के रक्कम भरतो आणि उरलेली प्रवासाच्या साधारणतः तीन-चार महिने आधी. व्यापारी भाषेत हा इसार आहे. पण घराच्या किंवा मालाच्या इसारात आणि या इसारात एक भेद आहे. घराचा इसार दिला तर समोर घर असते, त्याचा उतारा काढता येतो. येथे आपण कंपनीला चार-सहा महिने, कधी वर्ष-दीड वर्ष, बिनव्याजी आणि विनातारण उचल देत असतो. बँकेत एखाद्या अर्जदाराने वर्षभराची विनातारण उचल मागितली असती, तर आम्ही तीन वर्षांचे ताळेबंद, जामीनदार आणि व्यवसायाचा दाखला मागितला असता. प्रवासी मात्र गुळगुळीत कागदावरील सूर्यास्ताचे चित्र पाहून पैसे भरतो.

याचा परिणाम काय होऊ शकतो याचे उदाहरण फार दूरचे नाही. क्रिस्टल क्रूझेस ही या क्षेत्रातील अत्यंत नावाजलेली कंपनी होती. तिची मालकी हाँगकाँगच्या गेंटिंग समूहाकडे होती, आणि या समूहाने जर्मनीत जहाजबांधणीच्या गोद्याही घेतल्या होत्या. कोविडने जहाजे दीर्घकाळ उभी राहिली. १० जानेवारी २०२२ रोजी जर्मन गोदीने नादारीचा अर्ज केला. थोड्याच दिवसांत मूळ कंपनीने बर्म्युडाच्या न्यायालयात अवसायक नेमण्याची विनंती केली, आणि १९ जानेवारीला क्रिस्टलने पुढील प्रवास स्थगित केल्याचे जाहीर केले. त्या दिवशी तिची जहाजे प्रवाशांसह समुद्रात होती. 'क्रिस्टल सिंफनी' २२ जानेवारीला मायामीला पोहोचणार होते. परंतु इंधन पुरवणाऱ्या एका कंपनीने थकबाकीपोटी अमेरिकेच्या न्यायालयातून जहाजाच्या जप्तीचा आदेश मिळवला होता. एकूण मागणी सुमारे ४६ लाख डॉलरची होती. मायामीत पाऊल टाकले की जहाज जप्त होणार, म्हणून ते बहामातील बिमिनी बेटाकडे वळवले गेले आणि प्रवाशांना दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने फ्लोरिडात आणून सोडण्यात आले. कंपनीचे २०० प्रवाशांचे नवेकोरे 'क्रिस्टल एंडेव्हर' अंटार्क्टिकाच्या बाजूला होते. त्याचा प्रवास ४ फेब्रुवारीला अर्जेंटिनातील उशुआया येथे संपला. त्याच सुमारास इतर दोन जहाजे बहामात जप्त झाली.

जे जहाजावर होते ते घरी पोहोचले. ज्यांनी पुढील वर्षाच्या प्रवासाचे पैसे भरले होते, त्यांची गोष्ट वेगळी. कंपनीची मालमत्ता वाटण्याची वेळ येते तेव्हा जहाजावर आधी कोणाचा बोजा असतो, हे समुद्राच्या कायद्याने शतकानुशतके ठरलेले आहे. खलाशांचा पगार, बंदराची देणी, तारण ठेवून कर्ज देणारी बँक, अमेरिकी कायद्यात इंधन पुरवणाराही. प्रवासी या रांगेत शेवटी, विनातारण धनकोंमध्ये. 'क्रिस्टल एंडेव्हर' त्याच वर्षी सिल्व्हरसीने २७.५ कोटी डॉलरला विकत घेतले आणि इतर दोन जहाजे दुसऱ्या एका प्रवासी समूहाकडे जाऊन, डागडुजीनंतर, २०२३ मध्ये क्रिस्टलच्याच नावाने पुन्हा समुद्रात उतरली. जहाज तेच, नाव तेच, आणि आधीचा इसार मात्र जुन्या कंपनीच्या दप्तरात. आपल्याकडे पेढीची पाटी तीच राहून भागीदार बदलले की जुन्या देण्याचे काय होते, हे वाचकांस सांगणे न लगे.

तथापि दिवाळखोरीचा शेवट प्रत्येक वेळी असाच होतो असे नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. २०११ साली विंडस्टारची तेव्हाची मालक कंपनीही अमेरिकेत दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली होती. पण जहाजे चालू राहिली आणि त्याच वर्षी झँटेरा या कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. अनुत्पादित कर्जांच्या विभागात मी जी काही वर्षे काढली, तेथे हाच अनुभव येई: चालू राहिलेल्या कारखान्यातून काहीतरी वसूल होते, कुलूप लागलेल्या कारखान्यातून भंगार.

मग उपाय काय? पहिला, मालक कोण ते पाहावे. सिल्व्हरसी आज रॉयल कॅरिबियन समूहाची आहे, सीबोर्न कार्निव्हलची. दोन्ही समूह शेअर बाजारात नोंदलेले असल्याने त्यांचे ताळेबंद कोणालाही वाचता येतात. कोविडकाळात दोघांनीही प्रचंड कर्जे उचलली, तेही त्यांत दिसते. विंडस्टारची झँटेरा ही अमेरिकेतील एका खाजगी उद्योगसमूहाची आहे. खाजगी म्हणजे कमकुवत असे नव्हे, परंतु तिचे आकडे आपल्याला दिसत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा आहे. पैसे कशाने भरले, यावर ते परत मिळण्याची शक्यता बरीच अवलंबून असते. क्रिस्टलच्या प्रकरणात क्रेडिट कार्डाने पैसे भरलेल्या अनेकांना कार्ड देणाऱ्या बँकेकडे 'सेवा मिळाली नाही' अशी तक्रार करून रक्कम परत मिळाली. यास चार्जबॅक म्हणतात. त्याला मुदत असते, कागद लागतात, पण तो हक्क आहे. एजंटच्या चालू खात्यात आरटीजीएसने भरलेल्या पैशाला असा हक्क नसतो. आपल्या लोकांना दोन टक्के कार्ड-शुल्क वाचवण्याचा मोह होतो. सात-आठ लाखांच्या विनातारण उचलीवर दोन टक्के हा जामिनाचा हप्ता समजावा. माझे मत विचाराल तर तो स्वस्त आहे.

एजंटकडून आरक्षण केलेच तर त्याची पावती पुरेशी नाही. जहाज कंपनीचा आरक्षण क्रमांक, त्यावर आपले नाव आणि कंपनीकडे प्रत्यक्ष किती रक्कम जमा झाली याचा उल्लेख असलेले पत्र मागावे. आणि त्या क्रमांकावर कंपनीला थेट विचारून खात्री करावी. एजंट ओळखीचा असला, मुनीमजींचा मेहुणा असला, तरीही.

अमेरिकेच्या बंदरातून निघणाऱ्या, ५० किंवा अधिक प्रवाशांची सोय असलेल्या जहाजांना तेथील फेडरल मेरिटाइम कमिशनकडे प्रवाशांच्या ठेवींसाठी हमी द्यावी लागते. हमीला कमाल मर्यादा आहे. युरोपातील विक्रेत्याने विकलेल्या सहलीला तेथील २०१५ च्या निर्देशानुसार विक्रेत्याच्या नादारीपासून संरक्षण असते. आता सांगलीत विकत घेतलेला, अथेन्सहून निघणारा प्रवास पाहा. तो अमेरिकेतून निघत नाही, विक्रेताही युरोपातला नाही. दोन्ही छत्र्यांच्या मधोमध आपण उभे. आपल्या हाती उरतो तो आपला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. यात एक मोठी सोय आहे: ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, आणि मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. एजंटला सांगलीत उभे करता येते. परदेशी कंपनीला करणे तितके सोपे नाही.

का सोपे नाही? तिकिटाच्या मागील बारीक अक्षरांमुळे. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. वॉशिंग्टन राज्यातील एक बाई मेक्सिकोजवळ कार्निव्हलच्या जहाजावर स्वयंपाकघर पाहायला गेल्या असता घसरून पडल्या. त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला. तिकिटावर मात्र 'दावे फ्लोरिडातच' असे छापलेले होते. खालच्या न्यायालयाने बाईंच्या बाजूने कौल दिला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने ती छापील अट ग्राह्य धरली. देशाच्या एका कोपऱ्यातील माणसाला दुसऱ्या कोपऱ्यात जावे लागते, तर आपली काय कथा! म्हणून हा करार पैसे भरण्यापूर्वी मागवून वाचावा. तीस-चाळीस पाने असतात. घरात वकील किंवा सीए असलेली नवी पिढी आहे, तिला एखादा रविवार द्यायला सांगावे.

त्याच करारात आणखी एक अट असते, जिच्यावरून प्रवासी सर्वाधिक भांडतात. जहाजाचा मार्ग कोणत्याही कारणाने बदलण्याचा अधिकार कंपनीकडे असतो, आणि बहुधा त्याबद्दल भरपाई नसते. लहान जहाजांना हे विशेष लागू. ग्रीसमधील कोरिंथ कालवा १८९३ साली खुला झाला. लांबी सहा किलोमीटरहून थोडी अधिक, रुंदी जेमतेम पंचवीस मीटर, दोन्ही बाजूंना उभे कडे. त्यातून जाता येते हे लहान जहाजांच्या जाहिरातीचे मोठे भांडवल. २०२१ च्या प्रारंभी दरडी कोसळल्याने तो बंद झाला, आणि नंतरची काही वर्षे दुरुस्तीमुळे कधी उघडा, कधी बंद राहिला. ज्यांनी त्या कालव्यासाठीच पैसे भरले होते त्यांचे जहाज पेलोपोनीजला वळसा घालून गेले. वारा जोराचा असला तर बेटाजवळ जाऊनही उतरता येत नाही. एखादे विशिष्ट ठिकाण हाच जिवाचा हेतू असेल, तर तेथे विमानाने वा बोटीने जाऊन राहावे. जहाजाने जायचे ते समुद्रासाठी. भगिनींना समुद्र आणि शिडे हवी आहेत, म्हणून त्यांना मी जा म्हणतो.

खर्चाचा अंदाज मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, दरपत्रकाचे नव्हेत. भाडे नेहमी एका केबिनमध्ये दोघे आहेत असे धरून, माणशी दिलेले असते. माणशी ३,५०० डॉलर लिहिले असेल तर एकट्या प्रवाशाला एकटेपणाचा अधिभार लागतो, पन्नास टक्क्यांपासून थेट शंभर टक्क्यांपर्यंत. म्हणजे ७,००० डॉलरपर्यंत. डॉलर ९० रुपये धरला तर ६ लाख ३० हजार. त्यावर बंदरशुल्क, बक्षिसी, विमान, व्हिसा, विमा, आधी-नंतरची हॉटेले. नऊ लाखांची तयारी ठेवावी. (विधवा आणि विधुर यांना दुप्पट भाडे, हा न्याय मला कधीच पटलेला नाही. काही कंपन्या ठरावीक तारखांना हा अधिभार कमी करतात, ते विचारून घ्यावे.)

इचलकरंजीच्या बंधूंचा प्रश्न येथेच येतो. सीबोर्न, सिल्व्हरसी यांच्या भाड्यात मद्य समाविष्ट असते. आपण न घेतले तरी वजावट नाही. विंडस्टारकडे जेवण आणि मद्यविरहित पेये भाड्यात असून मद्य, इंटरनेट आणि बक्षिसी यांचे एकत्रित पॅकेज वेगळे घेता येते, किंवा न घेता येते. तेव्हा आपल्यासारख्यांनी साधे भाडे निवडावे आणि बक्षिसी, इंटरनेट सुटे द्यावे. एजंट पॅकेज घ्यायला आग्रह करील, कारण त्याचे कमिशन मोठे होते.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा कर, लागतो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत. हा खर्च नव्हे, आपल्या नावे जमा होणारा आगाऊ कर आहे. पण भगिनींचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असल्याने त्या विवरणपत्र भरत नाहीत, असे पत्रावरून दिसते. त्या वर्षी ते अवश्य भरावे, अन्यथा ही रक्कम सरकारकडेच राहील. पैसे त्यांच्याच पॅनवर भरले जावेत, चिरंजिवांच्या नव्हे. उदारीकृत योजनेखाली प्रत्येक व्यक्तीस वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी खर्च करता येतो, तेव्हा मर्यादेचा प्रश्न नाही.

आणि ठेव मोडू नये. इसाराची रक्कम बचत खात्यातून द्यावी. अंतिम हप्त्याची तारीख आणि ठेवीची मुदत जुळत नसेल तर त्या एक-दोन महिन्यांपुरते ठेवीवर कर्ज घ्यावे. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारणतः एक-दोन टक्केच अधिक असते, आणि मुदतपूर्व मोडण्याचा दंड वाचतो.

आता जेवण. पुण्याच्या सूनबाईंना कंपनीने 'व्हेगन जेवण उपलब्ध' असे कळवले आणि त्या निर्धास्त झाल्या आहेत. निर्धास्त होऊ नये. व्हेगन म्हणजे दूध, तूप, दही वर्ज्य, पण बटाटा, कांदा, लसूण, गाजर, बीट चालते. सासूबाईंचे अगदी उलट: दूध चालते, कंदमूळ चालत नाही. विंडस्टारने अलीकडच्या काळात तेल, मीठ, साखर नसलेले वनस्पतिजन्य जेवणही सुरू केले आहे, परंतु तेही प्रकृतीसाठी आहे, आपल्यासाठी नव्हे. म्हणून 'जैन' हा एक शब्द लिहून थांबू नये. काय चालते त्याची यादी द्यावी, कारण स्वयंपाक्याला नकारांपेक्षा होकार उपयोगी पडतो: डाळी, तांदूळ, कोबी, दुधी, भोपळी मिरची, टोमॅटो, काकडी, फळे, दूध. चीजमध्ये प्राणिज रेनेट आणि गोड पदार्थांत जिलेटिन असते, ते वेगळे विचारावे. लहान जहाजाचा शिधा प्रारंभीच्या बंदरात भरला जातो आणि कोठी छोटी असते, म्हणून ही यादी दोन-तीन महिने आधी लेखी पाठवावी. चढल्यावर पहिल्या दुपारीच मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगावी. दीडशे माणसांच्या जहाजात स्वयंपाकी स्वतः बाहेर येऊन भेटतो, हा लहानपणाचा खरा लाभ.

खाकरे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट न्यावे. मात्र युरोपीय संघाबाहेरून येताना प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. पेढे, बर्फी, तूप विमानतळावरच टाकून द्यावे लागेल. केबिनमध्ये विजेची किटली, इस्त्री, निरांजन, उदबत्ती यांपैकी काहीही चालत नाही. समुद्रावर आग ही सर्वांत मोठी भीती असते. नोव्हेंबर २०१५ मध्ये पोनांच्या 'ल बोरेआल' जहाजाच्या यंत्रगृहात फॉकलंड बेटांजवळ आग लागली आणि प्रवासी व कर्मचारी मिळून ३४७ जणांना थंड समुद्रातून बाहेर काढावे लागले. सर्व वाचले. निघण्याच्या वेळी सुरक्षेची कवायत असते, तिला गुडघे दुखतात म्हणून दांडी मारू नये.

चौविहाराचे काय, असे सूनबाईंनी विचारले आहे. येथे भूगोल आपल्या बाजूने असू शकतो. मे महिन्याच्या मध्यास एजियन समुद्रात सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो आणि बहुतेक जहाजांवर रात्रीचे जेवण सात-साडेसातला सुरू होते. जरा लवकर बसले की साधते. त्यांचा दुसरा पर्याय नॉर्वेच्या उत्तर टोकाचा, तोही जूनमधला आहे. तेथे आर्क्टिक वृत्तापलीकडे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. तेव्हा काय करावे, हे महाराजसाहेबांना विचारावे. बँकेच्या नियमपुस्तिकेत ते नाही.

मे महिना मी आणखी एका कारणाने सुचवतो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचे जोरदार वारे वाहतात. लहान जहाज अधिक डोलते आणि त्याच काळात आपला चातुर्मास व पुढे पर्युषण येते. केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याजवळ घ्यावी. ती कमी हलते आणि बहुधा स्वस्तही असते.

सोलापूरच्या गृहस्थांना स्पष्ट सांगतो. लहान जहाजावर डॉक्टर असतो, प्राथमिक उपचारांची खोली असते, रुग्णालय नसते. गंभीर प्रसंगी जवळच्या बंदरी उतरवतात, आणि ते बंदर एखादे छोटे बेट असू शकते. म्हणून विम्यात तातडीने अन्यत्र हलवण्याचा खर्च आहे ना, त्याची मर्यादा किती, हे पॉलिसीच्या मजकुरात पाहावे. शस्त्रक्रिया अर्जात लिहावी. एजंट 'नका लिहू, हप्ता वाढेल' म्हणाला तर एजंट बदलावा, कारण लपवलेल्या आजारावरून दावा नाकारणे विमा कंपनीला सर्वांत सोपे जाते. जहाज कंपनीच्या नादारीचे नुकसान पॉलिसीत येते का, हेही त्याच वेळी पाहावे.

व्हिसाचे थोडक्यात: अथेन्स शेंगेनमध्ये, इस्तंबूल बाहेर. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा, आणि परतीचे विमान पुन्हा युरोपातून असेल तर शेंगेन व्हिसा अनेकवार प्रवेशाचा हवा. हे आधी न पाहिल्यास बंदरावर चढूच देत नाहीत, आणि भाडे परत मिळत नाही.

भगिनींच्या पत्रात शेवटी दोन लहान प्रश्न आहेत. पहिला गुडघ्यांचा. 'विंड स्टार' आणि 'विंड स्पिरिट' या जहाजांवर लिफ्ट नाही, जिनेच चढावे लागतात. 'विंड सर्फ'वर लिफ्ट आहे, म्हणून तिची तारीख पाहावी. काही बेटांवर धक्का नसल्याने छोट्या होडीने किनाऱ्यावर जावे लागते, तेव्हा खलाशी हात देतात. सांतोरिनीला जुन्या बंदरापासून गावापर्यंत ५८८ पायऱ्या आहेत. त्या चढू नयेत, शेजारी केबलकार आहे. दुसरा प्रश्न, एकट्या बाईला टेबलावर एकटेच बसावे लागते का. या जहाजांवर जागा ठरलेली नसते, कोणीही कोठेही बसते. जेवणघराच्या प्रमुखाला सकाळी सांगून ठेवले तर तो संध्याकाळी चार-सहा जणांच्या टेबलावर जागा करतो. चिरंजिवांना सोबत न्यायचे ठरलेच, तर दुसऱ्या माणसाचे भाडे आपण अधिभाराच्या रूपाने बहुतांशी भरलेलेच आहे, हे त्यांना दाखवावे.